मदत हवी आहे: लाईट गेली की फिश टँकचा संप भरून पाणी फरशीवर

जंक्शनवाला, भुसावळ:
मंडळी, टँक 4 फुटी आहे, 120 × 45 × 45 सेंमी. खाली कॅबिनेटमध्ये 75 × 30 × 38 चा संप, म्हणजे पाणी गाळायची खालची टाकी. टँकच्या कोपऱ्यात वेअर बॉक्स आहे, म्हणजे वरचं जादा पाणी फटीतून घेणारा कप्पा, त्यातून पाणी सव्वा इंची पाईपने खाली उतरतं आणि रिटर्न पंप पाऊण इंचीने वर फेकतो. पंप चालू असताना संपमध्ये 25 सेंमी पाणी असतं, सगळं झकास चालतं. लाईट गेली की वेअरचं पाणी थोड्या वेळात थांबतं, पण रिटर्नच्या पाईपातून उलटं पाणी येतच राहतं. संप काठोकाठ भरतो आणि वर बादलीभर पाणी हॉलमध्ये. रात्री लाईट गेली तर सकाळी पाय ओले झाल्यावरच कळतं. उन्हाळ्यात आपल्याकडे लाईटचं काय चालतं ते सांगायला नको.

बसवणारा म्हणाला, एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) टाका, काम झालं. टाकला. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता म्हणतो इन्व्हर्टर घ्या. रिटर्नचं तोंड पाण्याखाली साधारण 8 सेंमी आहे. मोठा संप कॅबिनेटच्या दारातून आत जाणार नाही. भारीतला एनआरव्ही घेऊ का? घरात टँक विकायची भाषा सुरू झालीय.

सिक्लिडवाला, धुळे:
संपला हात लावू नका, आधी हिशेब मांडा. तुमच्या टँकमधलं 1 सेंमी पाणी म्हणजे 120 × 45, म्हणजे 5.4 लिटर. तोंड 8 सेंमी खाली, म्हणजे तोंड उघडं पडेपर्यंत 43 लिटर खाली येणार. संपमध्ये 1 सेंमीला सव्वादोन लिटर मावतं, वर जागा उरलीय 13 सेंमीची, म्हणजे 29 लिटर. राहिलेलं 14 लिटर फरशीवर, तीच तुमची बादली. वेअर बॉक्समधलं आणि पाईपातलं पाणी अजून धरलंच नाही.

आता तोंड वर घ्या. एल्बो (पाईपाच्या टोकाचा वळणाचा जोड) फिरवून पाण्याखाली 2 सेंमीवर आणलंत तर 11 लिटरच येईल, संप पाचएक सेंमी चढेल आणि थांबेल. पैशाचा खर्च नाही.

केळीबाग, रावेर:
भो, ठिबकवाल्यांना हे रोजचंच आहे. मोटार बंद झाली की उताराची लाईन मागून ओढ घेते आणि ड्रिपरमधून माती आत जाते, म्हणून तर लाईनच्या सगळ्यात उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवतात. हवा शिरली की ओढ तुटते. तुमच्या पाईपलाही हवाच पाहिजे. रिटर्न पाईप टँकमध्ये जिथे पाण्यात शिरतो, तिथे पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली 4 मिमीची दोन भोकं पाडा. पातळीच्या वर पाडलीत तर पंप चालू असताना पिचकारी उडेल. पातळी भोकांपर्यंत उतरली की हवा आत ओढली जाते आणि सायफन, म्हणजे पाईपातून आपोआप उतरणारी पाण्याची ओढ, तुटतो. एक लक्षात ठेवा, शेवाळ आणि गोगलगायी या भोकांत हमखास बसतात. काच पुसायला घ्याल तेव्हा टूथपिक फिरवा.

जंक्शनवाला, भुसावळ:
दोघांनाही धन्यवाद. मग एनआरव्ही काढूनच टाकू?

सिक्लिडवाला, धुळे:
असू द्या, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. बोअरचं पाणी असेल तर झडपेवर क्षार बसतात. स्पंजचा तुकडा किंवा बारीक गोगलगाय अडकली तरी ती पूर्ण मिटत नाही, आणि बारीक धारेनेसुद्धा रात्रभरात संप भरतो. ठेवायचाच तर दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून सुटणारे जोड) लावा, म्हणजे सोडून धुता येईल. इन्व्हर्टरचंही तसंच, बॅटरी संपली की तुम्ही पुन्हा तिथेच. माशांना हवा मिळावी म्हणून घ्या, पुरासाठी नको.

आणि आता खरं काम. घरात सगळे जागे असताना पंपाचा प्लग काढा. पाणी यायचं पूर्ण थांबू द्या. संपमध्ये वरून तीन-चार सेंमी रिकामं राहिलं पाहिजे, जास्त असेल तर मगाने काढा. मग पंप सुरू करा, पातळी स्थिर झाली की शेवटच्या कप्प्यावर, जिथे पंप आहे, मार्करने रेघ मारा. बाकीच्या कप्प्यांतली पातळी मधल्या आडव्या भिंतींमुळे बदलत नाही, बाष्पीभवन दिसतं ते याच कप्प्यात. मे महिन्यात पाणी भराभर उडतं, म्हणून रोज ओतायचा कंटाळा येतो आणि माणूस रेघेच्या वर भरून ठेवतो. पूर येतो तो तिथून. पाणी ओतायचं ते पंप चालू असतानाच, रेघेपर्यंतच.

केळीबाग, रावेर:
लाईट परत येते तेव्हाचंही बघून घ्या. वेअरच्या फटीत व्हॅलिसनेरियाची (टँकमधल्या पाणवनस्पतीची) पानं अडकली तर पाणी खाली उतरत नाही आणि पंप वर फेकतच राहतो. पंपाच्या कप्प्यात समजा 15 लिटर असेल तर वरचा टँक पावणेतीन सेंमी चढेल. तेवढी जागा काठाखाली मोकळी हवी, नाहीतर या वेळी पाणी वरून येईल. काचेला बाहेरून अडकवायचे सायफनवाले ओव्हरफ्लो बॉक्स मिळतात, ते घेऊ नका. लाईट गेल्यावर त्यात हवा शिरली तर सायफन पुन्हा धरत नाही. तुमच्याकडे ड्रिल केलेला आहे तेच बरं. दुसरं भोक पाडायचा विचार असेल तर आधी काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही ना बघा, टफन्ड असेल तर ड्रिल लावताच चुरा होईल.

जंक्शनवाला, भुसावळ:
आज एल्बो वर केला, तोंड 2 सेंमीवर आलं. प्लग काढून बघितलं, संप साडेपाच सेंमी चढला आणि थांबला. भोकं रविवारी पाडतो. एक्स्टेन्शन बोर्ड कॅबिनेटच्या तळाशीच आहे, चालेल ना?

सिक्लिडवाला, धुळे:
मुळीच नाही, आजच काढा. बोर्ड संपच्या काठाच्या वर, बाजूच्या फळीला ठोका. प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळातून खाली टपकेल. आणि घराला ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) नसेल तर भोकांच्या आधी तो बसवा.