चार्ज की ब्लॉक: ‘हलत होता’ हा निकष नाही

बास्केटबॉलमध्ये धडक झाली की फाऊल चेंडूवाल्याचा (चार्ज) की बचावपटूचा (ब्लॉक), यावर वाद होतो. ‘बचाव करणारा हलत होता, म्हणजे ब्लॉकच’ असं काहीजण म्हणतात, ते पटत नाही. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात पुतळ्यासारखं उभं राहण्याची अट नाहीच. समोरच्याकडे तोंड आणि दोन्ही पाय जमिनीवर, एवढं एकदा झालं की पुढे तो बाजूला किंवा मागे सरकू शकतो. चेंडू हातात असलेल्याला वेळ आणि अंतर द्यावं लागत नाही. फक्त त्याने उडी घेण्याआधी बचावपटूने जागा पकडलेली हवी. मग धडक छातीवर बसली तर चार्ज; उशिरा खांदा किंवा गुडघा आडवा घातला तर ब्लॉक.

या वादात राहून जाणारी गोष्ट म्हणजे बास्केटखालचं १.२५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ. बचावपटूचा पाय त्या रेषेला नुसता टेकला तरी तो आतच धरतात आणि हवेतून शॉट घेणाऱ्यावर चार्ज लागत नाही, शॉट घेणाऱ्यानेच हात-पाय बेकायदा वापरले तर गोष्ट वेगळी. पण जमिनीवरून ड्रिबल करत घुसणाऱ्याला हे संरक्षण नाही! इथेच निर्णय चुकतात, कारण पंचाची नजर चेंडूवर असते. ती आधीपासून बचावपटूच्या पायांवर आणि छातीवर हवी.