१५ किलोचा एक्सपी-८० विकून हलका कीबोर्ड घेऊ का? दोन्ही बाजूच्यांनी बोला

खाडीकाठचा नाना : माझ्याकडे रोलंड कंपनीचा एक्सपी-८० कीबोर्ड आहे, २००३ ला सेकंडहँड घेतला, तेव्हापासून हळदी, ऑर्केस्ट्रा, गणपती, भजनस्पर्धा सगळं त्याच्यावरच. १९९६ चं मॉडेल, ७६ कीज, आत जादा आवाजांचे चार एक्स्पान्शन बोर्ड बसतात त्यातले दोन भरलेत. नुसतं मशीन १५ किलोच्या आसपास आणि फ्लाइट केस, म्हणजे ते न्यायची टणक पेटी, धरली तर विचारूच नका. मी राहतो कोपरखैरण्याला, सिडकोची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मागच्या महिन्यात दिवाळ्याला हळद वाजवली, दहाला स्पीकर बंद झाला पण सामान आवरून जेवून टेम्पो मिळून घरी यायला साडेबारा वाजले, केस दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टेकवून मी पायरीवर बसलो ते उठताच येईना. सेकंड शिफ्ट करून येणारे शेजारचे काका वर आले, अंधारात ती लांबडी काळी पेटी बघून आधी हात जोडले आणि हळूच मला विचारतात, कोण गेलं?

तेव्हाच ठरवलं. यामाहाचा एमओडीएक्स-७ बघितलाय, ७६ च कीज आणि वजन ७.४ किलो, म्हणजे सरळ निम्मं. माझं मत एकच, मांडवातल्या त्या स्पीकरवर १९९६ चा आवाज आणि आत्ताचा आवाज कुणाला कळत नाही, कंबर मात्र मला कळते. काढून टाकावा की नाही?

काळी चार : नाना, तुम्ही सीनियर म्हणून सांभाळून बोलतो, पण चूक करताय. पब्लिकला कळत नाही हे बरोबर, पण वाजवणाऱ्याला कळतं आणि वाजवणाऱ्याचा हात बिघडला की मग पब्लिकलाही कळतं. एमओडीएक्सला आफ्टरटच नाही, म्हणजे दाबलेल्या कीवर अजून दाब दिला की आवाज बदलतो ते. तुम्ही सनई कशी वाजवता ते मी वाशीला भावे नाट्यगृहात विंगेतून बघितलंय, पंचम लावून ठेवता आणि मग तीच की अजून जराशी आत दाबता, स्वर थरथरायला लागतो. डावा हात बेसवर अडकलेला असतो, स्वर हलवायच्या बाजूच्या व्हीलला हात लावायला तिसरा हात आणणार कुठून? आठ किलो वाचवायला हे सोडायचं?

ऑक्टापॅडवाला घणसोली : काढा!! आजच काढा!! मी बोलतो कारण त्या केसचं दुसरं टोक उचलणारा मी आहे 😭 नाना वर, मी खाली, आणि जिना चढताना सगळं वजन खालच्यावर येतं हे सायन्स आहे. आफ्टरटचवाल्या भाऊने एकदा येऊन उचलून दाखवावं, मग बोलावं.

काळी चार : मी गिटार वाजवतो भाऊ, चार किलोची 😄 पण मुद्दा तोच राहतो.

खाडीकाठचा नाना : काळी चार, मुद्दा मान्य आहे. पण एमओडीएक्सला फूट कंट्रोलर, म्हणजे पायाचं पेडल, जोडता येतो, थरथर पायावर घेता येते. शिकायला दोन महिने जातील, पण जिना चढून चढून जे आयुष्य जातंय त्यापेक्षा बरं.

काळी चार : हळदीत पायावर? खाली मातीत कार्पेट टाकलेलं, त्याच्याखाली केबल, समोर नवरदेवाचे मित्र नाचत नाचत स्टँडपर्यंत आलेले. पेडल शोधेपर्यंत गाणं अंतऱ्यावरून परत धृपदावर आलेलं असेल.

कळवा ब्रिज : मी हलक्यावर गेलेलो माणूस आहे म्हणून लिहितो, आणि पस्तावलोय. कंपनीचं नाव नाही घेत कारण प्रॉब्लेम एका कंपनीचा नाहीच. हलकं करतात म्हणजे काय करतात? पत्र्याच्या जागी प्लास्टिक येतं आणि पॉवर सप्लाय बाहेर ॲडॅप्टरमध्ये जातो. एक्सपी-८० चा सप्लाय आतच आहे, मागे साधी जाड मेन केबल घुसवली की ती ओढूनसुद्धा निघत नाही. माझ्या नवीनला बारीक गोल पिन. नवरात्रात ठाण्याला एका सोसायटीत गरबा चालू, एका मुलाचा पाय वायरीत अडकला, पिन बाहेर, कीबोर्ड बंद. पिन लावली तरी लगेच वाजत नाही ना, आधी मशीन लोड होणार, तोपर्यंत मी उभा, ढोलवाला एकटा वाजवतोय आणि अख्खी सोसायटी माझ्याकडे बघतेय. दुसरं म्हणजे हलकं मशीन क्रॉस स्टँडवर हलतं, जोरात कॉर्ड मारली की पुढे सरकतं. वजन म्हणजे नुसता त्रास नाही, ते मशीनला जागेवर बसवतं पण.

ऑक्टापॅडवाला घणसोली : वायर स्टँडला एक वेढा मारून टेप लावायची ना दादा, दहा रुपयांचं काम. त्यासाठी १५ किलो उचलायचं म्हणजे चप्पल चोरीला जाईल म्हणून देवळातच न जाण्यासारखं झालं.

कळवा ब्रिज : टेप तेव्हापासून लावतो. पण ज्या दिवशी ते व्हायचं त्या दिवशी झालं ना.

सीवूड्स लॅपटॉप पार्टी : तुम्ही लोक अजून लोखंडच उचलताय. एक्सपी-८० चं आवाजाचं इंजिन म्हणजे जवळपास रोलंडचंच जेव्ही-१०८० साउंड मॉड्यूल आहे आणि तो जेव्ही-१०८० रोलंड क्लाउडवर सॉफ्टवेअर म्हणून मिळतो. लॅपटॉप, छोटा कंट्रोलर (स्वतःचा आवाज नसलेला कीबोर्ड), बॅग पाठीला, हार्बर लोकलने निघायचं. लगेजच्या डब्याचीही गरज नाही.

खाडीकाठचा नाना : बेटा, स्टुडिओसाठी ठीक आहे. जनरेटरवरच्या लाइनवर, मे महिन्यात, मांडवात, घाम कीबोर्डवर टपटप पडतोय आणि वरून हळद उधळतायत. माझ्या एक्सपीच्या कीजच्या फटींत अजून पिवळं आहे. तिथे तुझा लॅपटॉप तू ठेवशील का सांग.

सीवूड्स लॅपटॉप पार्टी : हळद उधळणार असतील तर नाही ठेवणार 😅

काळी चार : बघा, म्हणजे शेवटी दणकट तोच.

खाडीकाठचा नाना : दणकट होता रे. आता डिस्प्ले मंद झालाय, टॉर्च मारून पॅचचं, म्हणजे सेट केलेल्या आवाजाचं, नाव वाचतो. मधल्या तीन कीज हळू दाबल्या तरी जोरात वाजतात, आत रबरी काँटॅक्ट खराब झालेत. एका रिपेअरवाल्याने पाच आठवडे ठेवून घेतला आणि तसाच परत दिला, वर म्हणे पार्ट मिळत नाही. एमओडीएक्सच्या आत पाच जीबीच्या वर नुसते आवाज भरलेत, पियानो लावला की खरंच पियानो वाटतो, माझ्या एक्सपीचा पियानो ऐकून भाचा म्हणतो मामा ही रिंगटोन आहे का.

जुना पॅचवाला, नौपाडा : उशिरा आलो. नाना, विकायच्या आधी ऐका, दोघांचंही थोडं चुकतंय. तुम्हाला खरं काय जाणार याची भीती आहे? कोळीगीताला लावता तो ॲकॉर्डियन, सनई, स्वतः बनवलेले पॅच. ते मशीनच्या लोखंडात नाहीत, इंजिनात आहेत. जेव्ही-१०८० चं खरं रॅक मॉड्यूल, म्हणजे कीज नसलेला आवाजाचा डबा, सेकंडहँड बघा, १९९४ चं, दोन युनिट उंचीचं, पिशवीत मावेल एवढं. त्यालाही एक्सपीचेच एक्स्पान्शन बोर्ड (एसआर-जेव्ही) चार बसतात, म्हणजे तुमचे दोन काढून त्यात लावायचे. पुढे कुठलाही हलका कंट्रोलर, पण आफ्टरटचवाला बघून घ्या म्हणजे काळी चारचंही समाधान. पॅच मिडी केबलने एकगठ्ठा पाठवून (बल्क डम्प) बहुतेक सगळे नेता येतात, थोडं सेटिंग करावं लागेल. अर्पेजिएटर, म्हणजे धरलेल्या कॉर्डचे स्वर आपोआप एकेक करून वाजवणारा, मात्र त्यात नाही, तो वापरत असाल तर विचार करा.

आणि काहीही करा, एक्सपीची आतली बटण बॅटरी कधी बदलली होती? सीआर-२०३२ असते. ती मेली की युजर पॅच साफ, मग भांडायला काही उरणारच नाही. आधी बॅकअप घ्या.

कळवा ब्रिज : म्हणजे दोन वस्तू, दोन प्लग, मधे मिडीची केबल. पिन निघायच्या जागा एकाच्या तीन झाल्या.

खाडीकाठचा नाना : कळवा, तू म्हणतोस ते होणारच. पण दोन हलक्या वस्तू मी एकटा दोन फेऱ्यांत वर नेऊ शकतो, एक जड वस्तू एकटा नाही नेऊ शकत. आणि ऑक्टापॅडवाला काय जन्मभर खाली उभा राहणार नाही, त्याचंही लग्न ठरतंय.

बॅटरी एकदाही बदललेली नाही, वाचून घाम फुटला. आत्ता उघडला नाही, आधी फ्लॉपी शोधली, चार चालल्या, दोन खराब, चाललेल्यांतल्या एकीवर सगळे पॅच उतरवलेत. एमओडीएक्सचा विषय महिनाभर बंद, जेव्ही मॉड्यूल बघतो. एक्सपी घरातच राहील, खिडकीपाशी, रियाजाला. उचलणं बंद.

काळी चार : चालेल. हरलो असं म्हणणार नाही, पण चालेल.

ऑक्टापॅडवाला घणसोली : नाना मग फ्लाइट केस रिकामी राहणार ना? मला द्या, ऑक्टापॅड, स्टँड, वायरी सगळं एकात बसेल. खालच्या बाजूला मीच राहतो, वरून फक्त कुणीतरी धरा.