चार जनावरं नसतील तर गोबरगॅस बांधू नये. पटतंय का?

उकिरडा (धागा यांचा)

थेट म्हणणं मांडतो, मग झोडा. गोठ्यात बांधून खाणारी चार मोठी जनावरं नसतील तर २ घनमीटरचा (म्हणजे दिवसाला तेवढा गॅस देणारा) गोबरगॅस बांधू नये. अनुदान मिळतंय म्हणून तर मुळीच नाही.

१ घनमीटर गॅसला साधारण २५ किलो ताजं शेण लागतं. म्हणजे २ घनमीटरच्या टाकीला ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी, रोज, बारा महिने. पुस्तकात गाईचं शेण १० किलो आणि म्हशीचं १५ किलो धरतात, पण ते चोवीस तासांचं. जनावर सकाळी नऊला चरायला गेलं आणि सहाला परतलं तर निम्मं शेण रानात राहतं. अंगाने लहान देशी गाय असेल तर घमेल्यात येतं चार-पाच किलो. कागदावरची चार जनावरं म्हणजे प्रत्यक्षात वीस किलो शेण.

शेण कमी पडलं की नुसता गॅस कमी होत नाही. दीनबंधू टाकीत (जमिनीखालची, विटांच्या घुमटाची) गॅस साठेल तशी आतली स्लरी, म्हणजे शेण-पाण्याचा काला, आउटलेटमध्ये (बाहेर पडायच्या कुंडीत) वर चढते, आणि चढलेल्या स्लरीचं वजनच गॅसला दाब देतं. गॅस थोडा, तर दाबही थोडा. शेगडी फुरफुरते, घरातले सिलिंडर लावतात, मग दुसऱ्या दिवशी शेण कालवायचा उत्साह राहत नाही. वर साय धरते, ती वाळून घट्ट होते, आणि नंतर शेण घातलं तरी गॅसला वाट मिळत नाही. २०१६ ला उज्ज्वला आल्यापासून दुसरी शेगडी बहुतेक घरांत तयार आहे, त्यामुळे ही घसरण आणखी लवकर होते.

निळी ज्योत

शेणाचं गणित बरोबर, निष्कर्ष चुकला. दोन जनावरांच्या घरी २ घनमीटर बांधायला सांगितलं कोणी? १ घनमीटरचीही टाकी असते. २५ किलो शेण, २५ लिटर पाणी. स्वयंपाकाला माणशी पाव घनमीटर धरा, चौघांचं घर भागतं. दोन संकरित गाई किंवा दोन म्हशी गोठ्यातच असतील तर २५ किलो सहज निघतं.

१ घनमीटर गोबरगॅस म्हणजे ०.४३ किलो एलपीजी. महिन्याला जवळपास १३ किलो, एका सिलिंडरला थोडा कमी. तुमच्या संशयाखातर निम्माच गॅस धरला तरी दोन महिन्यांना एक सिलिंडर वाचतो.

नेहमीची गोबरगॅसची शेगडी तासाला ४५० लिटरच्या आसपास गॅस घेते. म्हणजे दिवसाला सव्वादोन तास ज्योत. सकाळचा चहा, भाजी, भाकरी आणि संध्याकाळची आमटी-भात यात बसतं. अंघोळीचं पाणी बसत नाही. ते पहिल्याच दिवशी घरात सांगून टाकावं, नाहीतर आठवड्यात ‘गॅस पुरत नाही’ सुरू होतं.

काळीमाती

दोघंही शेणावरच अडलात. शेण भरपूर असूनही प्लँट बंद पडतात, त्याचं काय? माझ्या मते पहिला गुन्हेगार बांधकाम.

दीनबंधू १९८४ साली अफ्प्रो (अ‍ॅक्शन फॉर फूड प्रॉडक्शन) या स्वयंसेवी संस्थेने आणला. खादी ग्रामोद्योगच्या जुन्या पद्धतीत लोखंडी ड्रम तरंगायचा, गंजायचा, दरवर्षी रंग मागायचा. दीनबंधूत ड्रम नाही, गॅस विटांच्या घुमटाखाली साठतो, म्हणून स्वस्त. पण विटेचा घुमट आपोआप हवाबंद नसतो. आतून गिलाव्याचे थर, मधे ब्रशने सिमेंटचं पाणी, शेवटी रंग. एखादा थर वाचवला तर गॅस विटेतून निघून जातो, आणि वर माती असल्याने वासही येत नाही. घरच्यांना वाटतं शेणच कमी पडतंय.

काळ्या जमिनीत आणखी एक. खड्डा टाकीच्या मापाचा खणू नका. चारी बाजूंनी फूट-दीड फूट जास्त घ्या आणि ती पोकळी मुरमाने भरा, थराथराने पाणी मारून, धुमसून. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंतीला दोन्हीकडून त्रास देते. घुमटावर माती चढवल्याशिवाय शेण भरू नका. विटेच्या घुमटाला वरून दाब चालतो, आतून ताण चालत नाही. बोडक्या घुमटाला गॅसच्या दाबानेच चीर जाते.

शेण टाकण्याआधी पाण्याची चाचणी घ्या. व्हॉल्व्ह उघडा ठेवून पाणी भरा, आउटलेटमध्ये पातळीची खूण करा. विटा पाणी पितात, म्हणून पहिला दिवस सोडून द्या. पुढच्या दिवशी पातळी उतरली तर टाकी गळते. ती ठीक असेल तर व्हॉल्व्ह बंद करून आणखी पाणी ओता, म्हणजे घुमटातली हवा दाबली जाईल. चोवीस तासांत पातळी उतरली तर घुमटात किंवा पाइपाच्या जोडात दोष. जोडावर साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात. ही चाचणी न करता गवंड्याचा शेवटचा हप्ता देऊ नये.

वायरमन

एवढा खटाटोप कशासाठी? २०२४ पासून सूर्यघर योजनेत छतावरच्या २ किलोवॉटला ६० हजार अनुदान आहे. १ किलोवॉट पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट देतं. इंडक्शनवर चौघांचा स्वयंपाक दोन-तीन युनिटांत होतो. शेण नको, पाणी नको, खड्डा नको. पॅनेल पुसायचं, एवढंच काम.

निळी ज्योत

वायरमन, तुमचे चार युनिट दुपारी तयार होतात, भाकरी संध्याकाळी सातला थापली जाते. नेट मीटर (दिलेली-घेतलेली वीज वजा करणारा) आहे म्हणून हिशोब जुळतो, पण सातला लाइट असायला हवी ना? छतावरचा साधा सौरसंच लाइट गेली की बंदच होतो, ऊन असलं तरी. बॅटरी घातली तर खर्च कुठच्या कुठे जातो. व्होल्टेज १८० च्या खाली आलं की कित्येक इंडक्शन शेगड्या चालायलाच नकार देतात.

आणि ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून थेट ज्योतीवर फुगवतात. इंडक्शनवर ती कशी फुगवणार? स्वयंपाकघरात हा मुद्दा अनुदानापेक्षा मोठा असतो.

वायरमन

भाकरीपुरता सिलिंडर ठेवा, वर्षाला दोन पुरतील. लाइटचा मुद्दा मान्य, गावठाणाच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) तो त्रास शेतापेक्षा कमी असतो इतकंच.

सांडशी

५० किलो शेण रोज कालवतं कोण, हे अजून एकानेही विचारलं नाही. अनुदान पुरुषाच्या नावावर, आणि सकाळी शेण कालवायच्या कुंडीत हात कोपरापर्यंत बाईचे. शेणातली चिपाडं, कडब्याचे तुकडे, खडे काढून टाकायचे, गाठी फोडायच्या, पाणी वाहून आणायचं. हे न करता तसंच ढकललं तर इनलेट पाइप (टाकीत शेण नेणारा) तुंबतो, चिपाडं वर तरंगून साय धरते आणि वाळू तळाशी बसून टाकीची जागा खाते.

उपाय फार अवघड नाहीत, पण बांधतानाच करावे लागतात. कुंडी गोठ्याच्या मोरीला लागून आणि कमरेच्या उंचीची. कुंडीत दांड्याने फिरवायचं पातं. कुंडीचा तळ इनलेटच्या उलट बाजूला किंचित उतरता, म्हणजे खडे-वाळू मागे राहतात. टाकी स्वयंपाकघरापासून शक्यतो दहा-पंधरा मीटरच्या आत, विहिरीपासून पंधरा मीटर तरी लांब. शेगडीपर्यंतच्या पाइपाला मीटरला एक सेंटिमीटर उतार टाकीकडे, आणि सर्वांत खोल जागी पाणी काढायचा नळ. गॅसबरोबर वाफ येते, ती पाइपात थंड होऊन पाणी साठतं आणि ज्योत लपलपायला लागते. हा नळ आठवड्यातून एकदा उघडला तर ‘गॅस येत नाही’च्या बऱ्याच तक्रारी जागच्या जागी मिटतात.

कोरडवाहू

आणि पाणी? फेब्रुवारीनंतर टँकर येणाऱ्या गावात रोजचे २५-५० लिटर टाकीला घालणार?

काळीमाती

गोमूत्र आणि गोठा धुतलेलं पाणी वापरता येतं, आउटलेटच्या स्लरीचं निथळलेलं पाणीही थोडं परत घालता येतं. फक्त फिनेल, साबण किंवा धुण्याची पावडर त्यात नको, जिवाणू मरतात. औषधाचा कोर्स चालू असलेल्या जनावराचं शेणही तेवढे दिवस बाहेर टाका, प्रतिजैविकं आतल्या जिवाणूंनाही मारतात. मात्र पाणी कमी म्हणून शेण घट्टच ढकलणं हा उपाय नव्हे, साध्या दीनबंधूत ते पुढे सरकत नाही.

शेणखत

सगळे गॅसच मोजताय. खरी कमाई स्लरीची. ५० किलो शेणात कोरडा भाग १० किलोच्या आसपास, त्यातला तीनेक किलो गॅस होऊन जातो. उरलेले ७ किलो रोज, म्हणजे वर्षाला अडीच टन कोरडं खत. नत्र दीड-पावणेदोन टक्के. तणाचं बी बरंचसं मेलेलं, आणि उघड्या ढिगासारख्या माश्या नाहीत.

उकिरडा

चला, मग हाही हिशोब करू. अडीच टनांत दीड-पावणेदोन टक्के म्हणजे ४० किलोच्या आसपास नत्र. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत साधारण २० किलो असतं. म्हणजे दोन गोण्या. गोणी २६६ रुपये ५० पैशांना. वर्षभर शेण कालवून ५३३ रुपयांचा नत्र! शिवाय तो गोबरगॅसने तयार केलेला नाही, शेणात होताच.

शेणखत

शेणात होता, पण उकिरड्यावर तो टिकतो कुठे? उन्हात वाळून अमोनिया उडतो, पावसात निचरून जातो. युरियाच्या गोणीचा भाव सरकारी अनुदानाचा आहे, तो मोजमाप म्हणून धरणंच चूक. आणि युरियात सेंद्रिय कर्ब नसतो. हलक्या मुरमाड रानात पाणी धरून ठेवायचं काम दोन गोण्या करणार नाहीत.

हे मात्र खरं की स्लरी उघड्या खड्ड्यात महिनाभर वाळवली तर तीही उकिरड्याच्याच वाटेने जाते. दोन खड्डे करा, वर सावली, खाली पाचट-पालापाचोळा. एक भरेपर्यंत दुसऱ्यातलं खत मुरतं. किंवा पातळच पाटाच्या पाण्याबरोबर सोडा. ठिबकमधून सोडायची हौस नको, ड्रिपर बुजतात.

निळी ज्योत

ज्यांना खड्डा-गवंडी नको त्यांच्यासाठी फुग्याची टाकीही आहे. जाड प्लास्टिक कापडाची पिशवी उथळ चरात ठेवतात, बसवायला एखाद-दुसरा दिवस. दाब कमी असतो, म्हणून वर वजन ठेवावं लागतं किंवा छोटा पंप. उंदीर, शेळ्यांचे खूर, काटे आणि ऊन हे तिचे शत्रू. कुंपण आणि सावली किमतीतच धरा. जागा बदलता येते, हा मोठा फायदा. खंडाने जमीन करणाऱ्याला पक्कं बांधकाम परवडत नाही.

कोरडवाहू

थंडीचं पण सांगा. पौष सरेपर्यंत विदर्भात रात्री दहा अंशांच्या खाली जातात.

सांडशी

जिवाणूंना ३५ अंश आवडतं, १५ च्या खाली ते जवळजवळ झोपतात. जमिनीखालची टाकी हवेइतकी गार होत नाही, तरी डिसेंबर-जानेवारीत गॅस घटतोच. दुपारी शेण घाला, उन्हात तापलेल्या पाण्याने कालवा, घुमटावर कडबा किंवा कुजणाऱ्या खताचा थर ठेवा. उन्हाळ्यात उलटं होतं, टाकी गरम पण चारा कमी म्हणून शेण कमी. वर्षभर सारखा गॅस मिळेल असं सांगणारा एजंट खोटं बोलतो.

काळीमाती

सुरुवातीबद्दल, कारण सगळ्यात धोकादायक चुका तिथेच होतात. नवी टाकी रोजच्या शेणाने भरत बसू नका. २ घनमीटरला पहिल्या भरणीला दोन टन शेण लागतं, ते आधी जमवून ठेवा, आणि चालू प्लँटची दहा टक्के स्लरी विरजण म्हणून घाला. पहिला गॅस जळत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि उरलेली हवा असते. तो सोडून द्या. जळतो का पाहायला घुमटाच्या पाइपाशी काडी कधीच लावू नका, आत हवा मिसळलेली असली तर स्फोट होतो. तपासायचं ते शेगडीवर.

शेगडीही गोबरगॅसचीच घ्या. एलपीजीला हवा फार लागते आणि जेट बारीक असतो. त्याच शेगडीवर गोबरगॅस सोडला तर ज्योत उचलून विझते.

आणि काही वर्षांनी टाकी साफ करताना आत माणूस उतरवू नका. रिकामी दिसणारी टाकीही मारते. आत ऑक्सिजन नसतो, गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. झाकण काढून काही दिवस मोकळी ठेवा, पंख्याने हवा मारा, गाळ पंपाने किंवा मैला उपसणाऱ्या गाडीने काढा.

उकिरडा

ठीक आहे. १ घनमीटरचं म्हणणं मान्य. पण ‘दोन जनावरं’ हा निकष मी मानणार नाही, किलो मानतो. अनुदानाच्या अर्जासोबत जनावरांची संख्या नको, पंधरा दिवस सकाळी काट्यावर तोललेलं शेण लिहा. तेही वैशाखात. श्रावणातलं वजन कोणालाही दाखवता येतं.

कोरडवाहू

आणि ज्यांच्याकडे २ घनमीटरची टाकी आधीच आहे, शेण मात्र २० किलो, त्यांनी काय करायचं? बुजवायची?

निळी ज्योत

बुजवू नका. शिळं अन्न, भाताची पेज, सडकी फळं बारीक करून घाला. पुण्याच्या आरती (अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) संस्थेची खरकट्यावरची छोटी टाकी याच तत्त्वावर चालते, त्यासाठी त्यांना २००६ साली अ‍ॅशडेन हा स्वच्छ ऊर्जेसाठीचा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. पिठूळ पदार्थांत किलोमागे शेणापेक्षा कितीतरी जास्त गॅस असतो. पण सुरुवात दिवसाला अर्ध्या किलोने, आणि दर आठवड्याला थोडं वाढवत. एकदम लग्नाचं उरलेलं जेवण ओतलं तर टाकी आंबते. आंबट वास, गॅस आहे पण पेटत नाही, ही खूण. तेव्हा खरकटं बंद, नुसतं शेणाचं पाणी, चार-सहा दिवस.

संडास जोडायचाही पर्याय आहे. देहूच्या डॉ. मापुसकरांनी त्यासाठी ‘मलप्रभा’ आराखडा केला होता. पण माणशी गॅस ३० लिटरच्या आसपास, त्यामुळे पाच माणसांच्या घरात तासभरसुद्धा शेगडी चालणार नाही. शिवाय फ्लशला दहा लिटर ओतलेत तर स्लरी पातळ होऊन आहे तो गॅसही जाईल. दोन लिटर पाण्यात स्वच्छ होणारं जास्त उताराचं भांडं बसवा, मगच जोडा.