शृंगारतळी ते लोटे, रोज शंभर किलोमीटर: माझे मत सीएनजीच्या बाजूने

तिसरी पाळी:
माझे घर रत्नागिरी जिल्ह्यात शृंगारतळीजवळ आहे आणि नोकरी लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. मार्गताम्हाने, रामपूर करत चिपळूण गाठायचे आणि तिथून परशुराम घाट चढून लोटे, असे जाऊन-येऊन रोजचे साधारण १०० किलोमीटर होतात. आठ वर्षे कधी मोटारसायकल, कधी एस.टी. आणि पावसाळ्यात कुणाच्या तरी गाडीत मागची जागा, असे दिवस काढले. आता गाडी घ्यायचीच आहे. तीन सहकारी सोबत येणार असून इंधनाचा खर्च चौघांत वाटला जाईल. एस.टी.चा मासिक पास वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस चालतो आणि त्याच्याशी पैशांच्या बाबतीत कोणतीही गाडी बरोबरी करू शकत नाही, हे मला मान्य आहे. परंतु दुसरी पाळी रात्री अकराला सुटल्यावर चिपळूणच्या स्टँडवर पहिल्या गाडीची वाट बघत बसणे आता अंगाला झेपत नाही.

महिन्याचे २५ दिवस धरले तर २,५०० किलोमीटर होतात, म्हणजे वर्षाला ३०,०००. हिशेबापुरते पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि सीएनजी किलोला ८५ रुपये धरतो. आमच्या ओळखीतल्या लहान पेट्रोल गाड्या या रस्त्यावर लिटरला २० किलोमीटरचे ॲव्हरेज देतात आणि त्याच जातीच्या सीएनजी गाड्या किलोला २७. वॅगन आर सीएनजीचा जाहीर आकडा ३४.०५ आहे, पण असे आकडे प्रयोगशाळेतल्या रोलरवर निघतात. तिथे घाट नसतो, खड्डे नसतात आणि गाडीत चार माणसे डबे घेऊन बसलेली नसतात. माझ्या आकड्यांप्रमाणे पेट्रोल किलोमीटरला सव्वापाच रुपये आणि गॅस तीन रुपये पंधरा पैसे पडतो. महिन्याचा फरक ५,२५० रुपये. गाडीच्या किमतीत ९०-९५ हजारांचा फरक असला तरी तो दीड वर्षात वसूल होतो. शिवाय महाराष्ट्रात सीएनजी गाडीला मोटार वाहन कर पेट्रोल गाडीपेक्षा कमी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लहान आणि १२०० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा लाभ पेट्रोल आणि सीएनजी दोघांनाही मिळाला आहे.

माझी अट एकच आहे, ती म्हणजे किट कारखान्यातूनच बसवलेले असावे. मेव्हण्याने एका गॅरेजमध्ये बाहेरचे किट बसवून घेतले होते. गॅसवरून पेट्रोलवर जाताना गाडी भर घाटात बंद पडली आणि मागून ट्रेलर येत होता. विरोधी मते अवश्य मांडावीत, मात्र ती आपल्या रस्त्यांवरच्या अनुभवाची असावीत.

दाभोळ खाडी:
आपला हिशेब चुकीचा नाही, पण वही अर्धीच उघडली आहे. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात आठ-नऊ किलो गॅस बसतो, म्हणजे आपल्या ॲव्हरेजने सव्वादोनशे किलोमीटर. आपल्याला एक दिवसाआड पंपावर जावे लागणार. जिथे पाइपलाइन पोचलेली नाही तिथे गॅस ट्रकवर रचलेल्या सिलिंडरांतून येतो, आणि अशा पंपावर ट्रक रिकामा होत आला की दाब उतरतो. मी स्वतः चाळीस मिनिटे रांगेत उभी राहिले आणि माझा नंबर येईपर्यंत पंपाचा दाबाचा काटा २०० बारवर जाण्याऐवजी १४०-१५० च्या आसपास थबकला. पंपावरच्या मुलाने नळी काढली, "मॅडम, एवढाच बसेल" म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी मला पुन्हा रांगेत यावे लागले.

आता आपलेच आकडे घेऊ. महिन्याला १२-१३ वेळा चाळीस मिनिटे म्हणजे आठ तास. वाचणारे ५,२५० रुपये चौघांत वाटले की माणशी १,३०० रुपये होतात. पाळी करून दमलेल्या चार माणसांनी तेराशे रुपयांसाठी महिन्याचे आठ तास, म्हणजे एक पूर्ण पाळी, पंपावर उभे राहायचे का, हा प्रश्न आपण सहकाऱ्यांना विचारला आहे काय?

दुसरी गोष्ट चढाची. मारुतीच्या एक लिटरच्या इंजिनाची ओढ पेट्रोलवर ८९ न्यूटन मीटर असते आणि गॅसवर ८२. वर सिलिंडरचे वजन आणि चार माणसे. घाटात पुढे ट्रक असेल तेव्हा हा फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा बराच मोठा वाटतो. माझ्या मते हलकी पेट्रोल गाडी घ्यावी, साठ-सत्तरच्या वेगाने चालवावी, टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी बघावी. पेट्रोलची बाजू घेताना एक कबुली देते: आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरते. तेही हिशेबात धरा. आणि वर्षाला ३०,००० किलोमीटर मुंबई-गोवा महामार्गाच्या परिसरात हिंडणाऱ्या माणसाने गाडीचे अपघात-चाचणीतले तारे न बघता केवळ ॲव्हरेज बघावे, हे मला पटत नाही. २०२४ च्या नव्या डिझायरला ग्लोबल एनसीएपीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, तर वॅगन आरला २०२३ मध्ये एकच.

सड्यावरून:
दोघेही इंधन जाळण्याच्याच गोष्टी करत आहात. मी २४ किलोवॅट-तासाची टियागो ईव्ही चालवतो आणि माझाही रोजचा रस्ता घाटाचा आहे. शंभर किलोमीटरला भिंतीवरच्या मीटरवर ११ ते १२ युनिटे मोजली जातात. चढताना बॅटरीचा आकडा भरभर उतरतो हे खरे आहे, पण परत येताना घाट उतरू लागलो की मोटारच जनित्रासारखी चालून वीज परत भरते. आपण ब्रेकवर पाय न देता खाली येतो आणि एखाद-दोन टक्के वाढलेले दिसतात. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर दिवसाची भर चार तासांत होते.

एक ताकीद मात्र द्यायला हवी. महिन्याची ३०० युनिटे घरच्या बिलात मिळवली की टप्पा बदलतो आणि वरची युनिटे महाग पडतात, ते पहिले बिल आले तेव्हा घरात माझे बोलणे ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते. त्यानंतर पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचे पॅनेल बसवले, त्याला केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान आहे. उन्हाळ्यात ते दिवसाला साधारण १२ युनिटे देते, म्हणजे नेमके आपले शंभर किलोमीटर. दिवसा ग्रीडला द्यायचे आणि रात्री गाडीला घ्यायचे. आषाढ-श्रावणात ते निम्म्यावरही येते, हे लपवत नाही.

खाऱ्या हवेचाही एक वेगळाच त्रास आहे. मोटारच वेग कमी करत असल्याने ब्रेक फारसे वापरले जात नाहीत आणि पावसाळ्यात डिस्कवर तांबूस गंज धरतो. मी आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारून त्या घासून घेतो.

जुना चालक:
विजेवर भरवसा ठेवणाऱ्यांनी ३ जून २०२० आठवावा. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. वादळ नसतानाही आमच्याकडे जुलैत संध्याकाळी साडेसातला गेलेली वीज पहाटे तीनला येते. तेवढ्यात चार तास कुठून काढायचे?

मी पस्तीस वर्षे गाडी चालवत आहे आणि माझे मत जुन्या डिझेलच्या बाजूने आहे. १.३ लिटरचे ते इंजिन अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसले होते आणि लोक त्याला उगीच राष्ट्रीय इंजिन म्हणत नव्हते. शेवटच्या डिझायर डिझेलचा जाहीर आकडा २८.४० होता, माझी आजही २२ देते. डिझेलची ओढ घाटात कळते. आणि परशुरामच्या माथ्यावरून न्यूट्रल टाकली की वशिष्ठीच्या पुलापर्यंत इंधन लागत नाही, ही बचत कुठल्याही हिशेबात धरलेली दिसत नाही.

दाभोळ खाडी:
काका, मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणजे आज मिळणारी सगळ्यांत नवी गाडीसुद्धा काही वर्षांची जुनी असणार, आणि वर्षाला तीस हजार किलोमीटर पळवायला आधीच लाखभर पळालेली गाडी घेऊन इंजेक्टर आणि टर्बोचे बिल स्वतःच्या अंगावर का घ्यायचे? चिपळूणच्या बाजारात वापरलेली गाडी बघताना २२ जुलै २०२१ च्या पुरात ती कुठे उभी होती, हेही विचारावे लागते. सीटखालचा गालिचा उचलून बघा. सीटच्या रेलच्या खोबणीत वाळलेला चिखल अजून सापडतो.

सड्यावरून:
निसर्गच्या वेळी पेट्रोल पंपही जनरेटर असेल तरच चालत होते, कारण पंपाची मोटारही विजेवरच चालते. राहता राहिली रोजची वीज. माझी बॅटरी पूर्ण भरली की प्रत्यक्षात १८० किलोमीटरच्या आसपास जाते, त्यामुळे दिवसाचे शंभर वजा जाता ८० उरतात आणि रात्री तास-दीड तास वीज आली तरी दुसऱ्या दिवशीचे जाणे-येणे अडत नाही. रात्रभर आलीच नाही तर मात्र मी रजा टाकतो किंवा एस.टी.ने जातो, आणि तसे या पावसाळ्यात दोनदा झाले.

तिसरी पाळी:
प्रथम न्यूट्रलबद्दल, कारण हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की चाकेच इंजिन फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा तोडला जातो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला चालू ठेवण्यासाठी इंधन घ्यावेच लागते. म्हणजे काका, तुम्ही उतारावर थोडे का होईना जास्तच जाळता, आणि इंजिनाचा अटकाव सुटल्याने ब्रेक तापतात ते वेगळेच. आमच्या कंपनीच्या बसचालकांना तिसऱ्या गिअरवर घाट उतरायची सक्ती आहे.

ईव्हीचा विचार मी मनापासून केला, पण आमचे घर चार भावांचे सामाईक आहे, मीटर एक आहे आणि पत्र्यावर पॅनेल बसवायला चौघांच्या सह्या लागतात. तिघांच्या मिळतील.

रांगेचा मुद्दा मात्र मला लागला. गेले दहा दिवस जाता-येता चिपळूणमधल्या रांगेतल्या गाड्या मोजल्या. पहिली पाळी सुटून आम्ही साडेतीनच्या पुढे चिपळुणात पोचतो, तेव्हा रिक्षा धरून वीस-बावीस गाड्या असतात. दुसरी पाळी सुटल्यावर साडेअकराच्या सुमारास तीन किंवा चार, आणि तिसऱ्या पाळीहून सकाळी परतताना सात-आठ. आमच्या पाळ्या दर आठवड्याला फिरतात. म्हणून नवा हिशेब असा केला आहे की पहिल्या पाळीचा आठवडा सरळ पेट्रोलवर काढायचा आणि उरलेले दोन आठवडे गॅसवर. सीएनजी गाडीत पेट्रोलची टाकी असतेच, हे आपण वादात सगळेच विसरलो होतो. त्यामुळे महिन्याची बचत ५,२५० वरून ३,५०० वर येते आणि गाडीच्या किमतीतला फरक दीड नव्हे तर सव्वादोन वर्षांनी भरून निघतो. सहकाऱ्यांनाही विचारले. दोघांना हे मान्य आहे. तिसरा म्हणाला की माणशी तेराशे काय आणि नऊशे काय, मला डुलकी काढायला मिळाली की पुरे.

सुरक्षेचे तारे बघून वॅगन आर यादीतून काढली आणि डिझायरची सीएनजी घातली, तिचा जाहीर आकडा ३३.७३ आहे. इंजिन १.२ लिटरचे असल्याने चढाची तक्रारही थोडी कमी व्हावी. वॅगन आरपेक्षा किंमत वाढते, ती हप्त्यात किती पडते ते बघतो आहे. शनिवारी शोरूमला जाऊन सिलिंडर असताना डिकीतली स्टेपनी बाहेर कशी निघते, ते स्वतःच्या हाताने काढून बघणार आहे. त्याशिवाय टोकन देणार नाही.

दाभोळ खाडी:
जाल तेव्हा त्या तिघांनाही सोबत न्या, आणि चाचणीची फेरी शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर न मारता गॅसवर घाट चढून मारा. स्टेपनी नंतर काढा.