हात फिरवू नका, ठेवा

काचेच्या पेटीतल्या (इन्क्युबेटरमधल्या), दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या पाठीवरून हात फिरवला की ते दचकतं, मग हात लावायचाच नाही का, असं तुम्ही विचारलंय. लावायचा, पण फिरवायचा नाही. एक तळहात डोक्याशी, दुसरा दुमडलेल्या पायांशी, नुसता स्थिर ठेवायचा. पोटात असताना चहूबाजूंनी मिळायचा तसा आधार मिळतो आणि बाळ सैलावतं. (हात धुतलेले आणि कोमट हवेत, हे सांगायला नकोच.) बोटं फाकणं, उचकी, नजर वळवणं, सारख्या जांभया म्हणजे ‘आता पुरे’. तेव्हा थांबा, नर्सला दाखवा.

कांगारू पद्धतीबद्दल, म्हणजे बाळाला आपल्या उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून ठेवण्याबद्दल, डॉक्टरांना विचाराच. १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या रुग्णालयात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तिथे हे सुरू झालं. आता जागतिक आरोग्य संघटनाच दिवसाला ८ ते २४ तास, जमेल तितका वेळ, असं सांगते. बाबांची छातीही चालते!

पेटीवर बाटली, मोबाईल आपटू नका, आत आवाज घुमतो. आणि तोंडाने दूध कधी, याची घाई करू नका. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या (जन्मापासून नव्हे, गर्भारपणाच्या सुरुवातीपासून मोजलेल्या) आसपास जमू लागतो.