मदत हवी आहे: एमएसच्या मेंदूचा एमआरआय आणि स्लाइड जुळेनात

परळला पॅथॉलॉजीत एमडी करतेय, थीसिस अडलाय. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या एकाच मेंदूचे फॉर्मॅलिनमधले 1 सेंमी जाडीचे काप 3 टेस्लावर स्कॅन केले, मग पॅराफिन ब्लॉक, मग मायलिन (चेतातंतूंवरचं आवरण) दाखवणारे दोन रंग: लक्सॉल फास्ट ब्लू आणि पीएलपी या मायलिनमधल्या प्रथिनाचं इम्युनोस्टेनिंग.

व्हेंट्रिकलशेजारचे (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीजवळचे) मोठे प्लाक, म्हणजे मायलिन गेलेले डाग, दोन्हीकडे नीट दिसतात. घोळ कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) आहे. पीएलपीवर पियाखाली (मेंदूवरच्या पातळ पडद्याखाली) मायलिन गेलेला सलग पट्टा आहे, एमआरआयच्या टी2 चित्रात त्या जागी काहीच नाही. एमआरआयला हे कॉर्टिकल प्लाक बहुतेकदा दिसत नाहीत, ते ठाऊक आहे. पण माझा संशय जागा न जुळण्यावरच आहे: पॅराफिनमध्ये ऊती आक्रसते आणि स्लाइड काही मायक्रॉनची, तर एमआरआयचा स्लाइस 2 मिमीचा.

सल्काय (मेंदूवरच्या खाचा) बघून हाताने जुळवलं, अफाइन रजिस्ट्रेशनही (चित्र सरकवून, फिरवून, एकसारखं ताणून जुळवणं) केलं. कडा तरी सरकतातच. फ्लेअर (द्रवाचा सिग्नल दाबणारा एमआरआयचा प्रकार) सुचवू नका, फॉर्मॅलिनने टी1 (ऊतीचा सिग्नल पूर्ववत व्हायचा वेळ) घटतो, त्यामुळे नेहमीच्या सेटिंगवर ते बिघडतं. 7 टेस्ला मिळणार नाही. काप कापून झालेत, पण ब्लॉक करण्याआधीचे फोटो आहेत, शेजारी पट्टी ठेवून काढलेले.

हे फोटो मधला दुवा धरून आधी स्लाइड फोटोशी, मग फोटो एमआरआयशी असं नॉन-लिनिअर रजिस्ट्रेशन (जागोजागी वेगवेगळं ताणून जुळवणं) कुणी केलंय का? खुणेचे बिंदू कुठले घेतलेत, आणि किती मिमीपर्यंतची चूक चालवून घेतलीत?