गावच्या घरातील नव्या फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात: आधी काय दुरुस्त करावे?

आगरातला

नमस्कार. दापोली तालुक्यात आमचे जांभ्या दगडाचे जुने घर आहे आणि तेथे आई-बाबा दोघेच राहतात. बाबांचे इन्सुलिन नीट राहावे आणि आईच्या बाजाराच्या खेपा कमी व्हाव्यात, म्हणून नुकताच तेथे दोन दारांचा, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा, बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीज घेतला. फ्रीज उत्तम गार करतो. मात्र आई अनवाणी असताना, विशेषतः लादी नुकतीच पुसलेली असताना, दाराच्या पत्र्याला तिच्या हाताची मागची बाजू लागली की बारीक झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर त्यातील दिवा मंद पेटतो. चप्पल घातली की काहीही जाणवत नाही.

दुकानातून आलेल्या माणसाने "नव्या फ्रीजमध्ये एवढे चालायचेच, पायाखाली पाट ठेवा" असे सांगितले. गावातील वायरमनने सॉकेट उघडून पाहिले तेव्हा घराला अर्थिंगच नसल्याचे कळले. वरच्या मोठ्या छिद्रापर्यंत तार आलेलीच नाही. त्यावर त्याचा उपाय असा की सॉकेटच्या आत न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ यांच्यामध्ये तारेचा एक छोटा तुकडा जोडावा. वाडीतील आणखी काही घरांत त्याने असेच केले आहे म्हणे. मला ते पटले नाही, म्हणून तूर्त त्याला थांबवले आहे.

जाणकारांनी सांगावे की फ्रीज सदोष आहे की दोष घराच्या वायरिंगचा आहे. संध्याकाळी व्होल्टेज बरेच उतरते, तर स्टॅबिलायझर लावल्याने हा त्रासही जाईल का? फ्रीजच्या दोन्ही बाजू चांगल्याच गरम लागतात आणि मागच्या पट्टीवर ज्वालेचे चिन्ह व "आर ६००ए" असे छापलेले आहे, त्यामुळे आई धास्तावली आहे. शिवाय पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन् तास जाते, आणि निसर्ग चक्रीवादळानंतर तर कित्येक दिवस आली नव्हती. अशा वेळी आतील वस्तूंचे, मुख्य म्हणजे इन्सुलिनचे, काय करावे?

तारजोडणी

वायरमनला थांबवलेत हे फार चांगले केलेत. माझे आयुष्य वायरिंगच्या कामात गेले आहे आणि कोकणातील जुन्या घरांत हा प्रकार मी पुष्कळ पाहिला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही वर्णन केलेल्या झिणझिण्या बहुधा फ्रीजच्या बिघाडामुळे येत नसाव्यात. इन्व्हर्टर फ्रीजच्या सर्किटमध्ये विजेतील गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर असतात आणि त्यांच्यातून अत्यल्प प्रवाह फ्रीजच्या पत्र्याकडे येत राहतो. अर्थिंग असेल तर तो तारेवाटे मुकाट जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर साचून राहतो आणि ओल्या लादीवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून वाट काढतो. हा प्रवाह स्वतः जीवघेणा नसतो. परंतु उद्या आतल्या बर्फ वितळवणाऱ्या हीटरचे किंवा कॉम्प्रेसरचे इन्सुलेशन खरोखर फाटले, तर त्याच पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि त्यांनाही आईच्या अंगाखेरीज दुसरी वाट नसेल. पाट ठेवल्याने झिणझिण्या थांबतील, धोका जागच्या जागी राहील. झिणझिण्या कधी अचानक जोरदार जाणवल्या, तर मात्र तो खरा बिघाड समजून मेन स्विच बंद करावा आणि त्यानंतरच प्लग काढावा.

आता न्यूट्रल आणि अर्थ जोडण्याविषयी. न्यूट्रल ही भार वाहणारी तार आहे. वाटेत कोठेही ती तुटली किंवा सैल झाली, तर फेजकडून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेकडून, आलेला विजेचा दाब फ्रीजच्या मोटारीतून न्यूट्रलवर आणि तेथून त्या तुकड्यामार्गे थेट दाराच्या पत्र्यावर येतो. फ्रीज बंद पडलेला दिसतो, माणूस सहज तपासायला हात लावतो आणि चिकटतो. वादळानंतर खांबावरील तारा पुन्हा जोडताना फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली, तर न्यूट्रल तुटण्याचीही गरज उरत नाही. त्यामुळे वाडीतील ज्या घरांत हे केले आहे, त्यांनाही कृपया कळवा. हे मी कळकळीने सांगतो आहे, कारण त्या घरांत झिणझिण्या थांबलेल्या असतील आणि म्हणूनच कोणाला शंकाही येणार नाही.

घरासाठी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा हवा. आयएस ३०४३ या भारतीय मानकानुसार पाइप पद्धतीचे अर्थिंग करता येते. त्यासाठी सुमारे अडीच मीटर लांबीचा, ४० मिलीमीटर व्यासाचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप उभा पुरतात आणि भोवती कोळसा व मीठ यांचे थर देतात. आपल्याकडे अडचण जमिनीची आहे. जांभ्याचा कातळ मार्च ते मे या काळात ठणठणीत कोरडा असतो आणि वीज नीट शोषून घेत नाही, म्हणून खड्डा अंगणातील कातळावर न घेता आगरात (घरामागच्या माडांच्या बागेत), माडाच्या आळ्याच्या किंवा न्हाणीच्या पाण्याच्या पाटाच्या जवळ घ्यावा. पाइपच्या तोंडाला नरसाळे बसवून उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत राहावे. खाऱ्या हवेने पाइपवरील क्लँपचा जोड गंजतो. वरून सगळे ठीक दिसते आणि आत तार नुसती टेकलेली असते, म्हणून हा जोड दरवर्षी पावसाळ्यापूर्वी उघडून, घासून, पुन्हा घट्ट करावा.

केवळ खड्डा करूनही काम संपत नाही, आणि हे अनेक वायरमन सांगत नाहीत. समजा तुमच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. पत्र्यावर २३० व्होल्ट आले तर जमिनीत साडेअकरा अँपिअर प्रवाह जाईल. तेवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच) पडणार नाही आणि पत्रा जिवंतच राहील. यासाठी मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, ज्याला हल्ली आरसीसीबी म्हणतात, बसवलाच पाहिजे. तो ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडतो, म्हणजे अर्थिंगचा रोध अगदी १०० ओहम असला तरी पत्र्यावर तीन व्होल्टपेक्षा अधिक दाब टिकू शकत नाही. खड्डा खणण्यास वेळ लागणार असेल तर ईएलसीबी आजच बसवून घ्या. अर्थिंग नसतानाही माणसाच्या अंगातून प्रवाह वाहू लागताच तो तुटतो. अर्थिंग असले तर माणसाचा हात लागण्यापूर्वीच तुटतो, म्हणून दोन्ही हवेत. त्यावरील "टी" बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही हे पाहावे.

काम झाल्यावर वायरमनसमोर मल्टिमीटर लावून घ्या. सॉकेटच्या समोर उभे राहिल्यावर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल आणि वर अर्थ असावे. फेज ते अर्थ हा दाब फेज ते न्यूट्रल या दाबाइतकाच, आणि न्यूट्रल ते अर्थ जेमतेम दोन-तीन व्होल्ट दिसला पाहिजे.

थंडगार

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी फ्रीज दुरुस्त करतो, त्यामुळे उरलेल्या शंकांविषयी लिहितो.

बाजू गरम लागणे हे फ्रीज काम करत असल्याचे लक्षण आहे. पूर्वी पाठीमागे जी काळी जाळी दिसायची, तीच नळी आता दोन्ही बाजूंच्या पत्र्यांच्या आत दडवलेली असते आणि अन्नातून काढलेली उष्णता तेथून बाहेर टाकली जाते. म्हणून दोन्ही बाजूंना आणि मागे मोकळी जागा हवी. नेमके अंतर माहितीपुस्तिकेत दिलेले असते, तरी चार बोटांपेक्षा कमी ठेवू नये. बाजूला तांदळाची पिंपे किंवा पोती टेकवून ठेवण्याची आपल्याकडे सवय असते, ती टाळावी. पुढचे पाय किंचित उंच ठेवले की दार आपोआप मिटते.

आर ६००ए म्हणजे आयसोब्युटेन. तो ज्वलनशील आहे हे खरे, परंतु घरगुती फ्रीजमध्ये त्याचे प्रमाण काही दशक ग्रॅम एवढेच असते आणि ते पट्टीवर छापलेले असते. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये त्याच कुळातील १४.२ किलो गॅस असतो. रोजच्या वापरात घाबरण्याचे कारण नाही. सांभाळायचे ते दुरुस्तीच्या वेळी: नळीत गॅस शिल्लक असताना झाळकामाची ज्योत लावणारा आणि "दुसरा गॅस भरून देतो, स्वस्त पडेल" असे म्हणणारा, या दोघांनाही परत पाठवावे. नळीला छिद्र पडल्याची शंका आली, तर खिडक्या उघडाव्यात, जवळ ज्योत पेटवू नये, आणि तेथील बटण न दाबता मेन स्विचने वीज बंद करावी.

स्टॅबिलायझरचा झिणझिण्यांशी काहीही संबंध नाही. तो लावायचा की नाही हे पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या व्होल्टेजच्या पल्ल्यावरून ठरवा; संध्याकाळी उतरलेले व्होल्टेज मोजा, आणि ते त्या पल्ल्यात बसत असेल तर इन्व्हर्टर फ्रीजला त्याची गरज नाही. कोकणात मला कमी व्होल्टेजपेक्षा वीज परत येतानाच्या झटक्याची भीती अधिक वाटते. वीज गेली की फ्रीजचा स्विच बंद करावा, आणि ती परत येऊन दिवे पाच-दहा मिनिटे स्थिर राहिले की मगच चालू करावा. विजा कडाडत असतील तर प्लगच काढून ठेवावा. एक्स्टेन्शन बोर्ड फ्रीजला वापरू नये.

आणखी एक गोष्ट, जी शहरातील ग्राहकांना सांगावी लागत नाही. गावच्या घरात फ्रीजच्या पाठीमागची ऊब पाली आणि उंदरांना आवडते. कंट्रोल कार्डवर पाल चिकटून कार्ड जळालेले फ्रीज माझ्याकडे येतात, आणि उंदरांनी कुरतडलेली वायर तर पत्र्याला टेकून थेट शॉक देते. प्लग काढून, विजेरी घेऊन मागची खालची बाजू दर दोन महिन्यांनी पाहावी. मागचे झाकण उघडे राहिले असेल तर लगेच स्क्रू लावून घ्यावेत.

वाशिष्ठीकाठ

आगरातला, तुमच्या बाबांच्या इन्सुलिनविषयी आधी लिहिते, कारण माझ्या सासूबाईही ते घेतात. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या असतात आणि त्या गोठता कामा नयेत. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी वापरू नये. म्हणून बाटली गार हवा येणाऱ्या झरोक्यासमोर किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, डब्यात घालून मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला ठेवा. वापरात असलेली बाटली पत्रकात दिलेल्या मुदतीपर्यंत आणि तापमानापर्यंत फ्रीजबाहेर चालते. वीज बराच काळ गेली तर ती कोरड्या पिशवीत घालून, पाण्याच्या मातीच्या माठावर आणखी एक लहान कोरडे मडके ठेवून त्यात ठेवतात. आमच्याकडे हा मार्ग उपयोगी पडला आहे. साधा थर्मामीटर आत कायम असू द्या. आकड्यांच्या चकतीवरून आतले तापमान कळत नाही.

दार न उघडल्यास खालचा भाग सुमारे चार तास गार राहतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास धरतो असे मानतात, पण आपल्याकडील उकाड्यात मी त्यावर पूर्ण विसंबत नाही. फ्रीझरमध्ये रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात, म्हणजे वीज गेल्यावर त्यांतील दोन खालच्या कप्प्यात आणता येतात. बर्फ अजून शिल्लक असलेली सुरमई पुन्हा गोठवता येते. पूर्ण मऊ पडून कोमट झालेली मासळी टाकून द्यावी, आमटीत ढकलू नये. शिजवलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावा, कारण बाहेर राहिलेल्या भातात तयार झालेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. ओली मासळी नेहमी सर्वांत खाली आणि झाकणाच्या डब्यात असावी, म्हणजे तिचे पाणी दुधावर किंवा कोथिंबिरीवर गळणार नाही.

तुमच्या फ्रीजमध्ये वितळलेल्या बर्फाचे पाणी मागे कॉम्प्रेसरवरील ट्रेमध्ये जमते. एरवी ते उष्णतेने उडून जाते, मात्र पावसाळ्यातील दमट हवेत साचून राहते आणि डेंग्यूचा डास नेमक्या अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून प्लग काढून दर आठवड्याला तो ट्रे कोरडा करावा. ट्रे निघत नसेल तर फडक्याने पाणी टिपून घ्यावे.

शेवटचे, चिपळूणच्या अनुभवातून. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या गल्लीतील फ्रीज पाण्यावर तरंगून आडवे झाले होते. पाणी ओसरल्यावर काही जणांनी ते पुसून लगेच प्लग लावले. असे कधीही करू नये. कंट्रोल कार्ड आणि जोडांमध्ये गाळ व ओल बसलेली असते. कारागिराने उघडून, वाळवून, इन्सुलेशन मोजल्याखेरीज तो चालू करू नये, आणि आडवा पडलेला फ्रीज तर आधी काही तास उभा ठेवलाच पाहिजे, म्हणजे कॉम्प्रेसरमधील तेल परत खाली येते.

आगरातला

सर्वांचे मनापासून आभार. आईला चप्पल घालूनच फ्रीज उघडण्यास सांगितले आहे आणि उद्या ईएलसीबी बसेल. खड्डा न्हाणीमागे, माडाच्या आळ्याशेजारी घेण्याचे ठरले आहे. तारजोडणी, एक शंका आहे: ज्या शेजाऱ्यांकडे न्यूट्रल-अर्थ जोडलेले आहे, त्यांच्याकडील तो तुकडा नुसता काढून टाकला तर चालेल का? त्यांच्याकडे आज लगेच खड्डा होणार नाही.

तारजोडणी

तुकडा काढाच, पण त्याच दिवशी ईएलसीबी बसवून. तुकडा काढल्यावर त्यांनाही तुमच्यासारख्या झिणझिण्या जाणवू लागतील आणि ते वायरमनला तो परत जोडायला सांगतील, म्हणून आधी समजावून सांगा. घरे एकमेकांना लागून असतील तर दोन-तीन घरांनी मिळून एक चांगला खड्डा घेतला तरी चालेल. प्रत्येक घराकडे ८ गेजची स्वतंत्र जीआय तार न्यावी, प्रत्येक घरात स्वतःचा ईएलसीबी असावा आणि जोडाची देखभाल कोणी करायची ते ठरवून ठेवावे. जुन्या घरांत दोनच तारांचे वायरिंग असते, त्यामुळे अर्थची तिसरी तार निदान फ्रीज, पंप आणि गीझर यांच्या सॉकेटपर्यंत ओढून घ्यायला विसरू नका.